पाना उचलण्याआधी

काकांची पल्सर तू स्वतःच्या हाताने चालू करणार आहेस, असं काकूने फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात काळजी होती, मला मात्र मनापासून आनंद झाला. काकूला मी समजावते, ते माझ्यावर सोड. तुला काही गोष्टी आजच सांगून ठेवते, कारण एकदा हाताला ग्रीस लागलं की माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत राहत नाही.

आधी काहीच उघडू नकोस. काकांसमोर चहा घेऊन बस आणि विचार, गाडी बंद पडली म्हणून उभी राहिली, की उभी राहिली म्हणून बंद पडली? दोन्हींत फार फरक आहे. गुडघे दुखायला लागले म्हणून त्यांनी गाडी पार्किंगमध्ये लावून टाकली असेल, तर इंजिन बहुतेक धडधाकट असेल आणि बिघाड पेट्रोल, बॅटरी आणि रबराच्या वस्तूंमध्येच सापडेल. पण चालता चालता बंद पडली असेल, तर कशी पडली ते खोदून विचार. फडफडत, दम तोडत थांबली की एका झटक्यात? आधी काही आवाज येत होता का? सायलेन्सरमधून धूर यायचा का, आणि कुठल्या रंगाचा? निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ दिसते, तिची चिंता नको. काकांनी ती गाडी वर्षानुवर्षं चालवली आहे. त्यांच्या कानात तिचा आवाज बसलाय, आणि ही माहिती तुला कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही.

तुला ठाऊक आहे, चाकणच्या ज्या व्हेंडर कंपनीत मी काम करते तिथे माझं काम तपासणीचं आहे. एखादा भाग नापास झाला की आम्ही ‘व्हाय-व्हाय’ करायला बसतो. ही पद्धत टोयोटातून जगभर पसरली आणि आता आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक शॉपफ्लोअरच्या फळ्यावर दिसते. ‘का’ विचारायचं, उत्तर आलं की त्यावर पुन्हा ‘का’. गाडी चालू होत नाही. का? प्लगला ठिणगी नाही. का? प्लग काजळीने भरलाय. का? मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय. का? एअर फिल्टर चोंदलाय. आता बघ, पहिल्याच उत्तरावर थांबून नवा प्लग टाकला असतास तर गाडी सुरू झाली असती, तुला आनंद झाला असता आणि थोड्याच दिवसांत तोच प्लग पुन्हा काळा झाला असता. घरी काम करणाऱ्याचे पैसे आणि धीर, दोन्ही इथेच संपतात. भाग बदलत जायचं, कारण तसंच राहतं. म्हणून माझं तुझ्याकडे एकच मागणं आहे. कारण हाती लागल्याशिवाय नवा भाग विकत आणू नकोस.

‘मुलींना हे जमणार आहे का’ असं पार्किंगमधले दोन-तीन काका म्हणतीलच. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, पण एक गोष्ट मनात पक्की ठेव. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असं छापलं होतं. ते वाचून बंगळूरमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, मुलाखतीला पुण्यात आली आणि कंपनीच्या शॉपफ्लोअरवरची पहिली महिला इंजिनिअर झाली. त्याच सुधा मूर्ती. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना तुझ्या घरापासून किती लांब आहे ते तूच बघ. आणि आज चाकणला शिफ्ट बदलताना बसमधून उतरणाऱ्या मुली पाहिल्यास की हा प्रश्न किती जुना झालाय ते कळेल.

उलट तुझं नशीब चांगलं आहे. गाडी दुरुस्त करायला आकुर्डीसारखी जागा शोधून सापडायची नाही. १९७२ साली आलेली चेतक याच गावात बनायची आणि ती मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. २००७ मध्ये बजाजने आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, तेव्हा आपल्या किती घरांमध्ये शुकशुकाट झाला होता ते काका सांगतील. मग २०२२ च्या जूनमध्ये विजेवर चालणाऱ्या चेतकसाठी तिथेच नवा कारखाना उघडला. तुझी पल्सर २००१ च्या शेवटी बाजारात आली, आणि २००३ मध्ये तिला डीटीएस-आय इंजिन मिळालं. तुमच्या सोसायटीत, प्राधिकरणात, खंडोबा माळाकडे, कुठेही जा, लाइनवर उभं राहून आयुष्य काढलेला एखादा निवृत्त माणूस भेटतोच. त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जा. ‘गाडी बिघडली आहे’ असं सांगू नकोस. ‘थंड असताना चालू होते, गरम झाली की बंद पडते, प्लग कोरडा आहे’ असं सांग. प्रश्न नेमका असला की जुना कामगार खुर्ची सोडून खाली येतो.

हत्यारं थोडीच घे, पण चांगली घे. आठपासून एकोणीसपर्यंतचे रिंग पाने, एक बॉक्स पान्यांचा संच, प्लगचा पाना, स्क्रूच्या डोक्यात घट्ट बसणारे दोन-तीन पेचकस, फीलर गेज आणि साधा मल्टिमीटर. स्वस्त पाना नटाच्या कडा गोल करून टाकतो, मग तो नट काढायला छिन्नी लागते. नट हलत नसेल तर जोर लावू नकोस. गंज सोडवणारा स्प्रे मार, रात्रभर राहू दे, सकाळी पुन्हा बघ. आणि इंजिनची बॉडी अल्युमिनियमची आहे, हे कधी विसरू नकोस. जास्त आवळलंस तर आटे जातात, आणि आटे गेले की दहा मिनिटांचं काम लेथवाल्याकडे जातं.

उघडताना प्रत्येक पायरीवर फोटो काढ. इंजिनच्या कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढ, स्क्रूच्या जागी भोकं पाड आणि काढलेला स्क्रू त्याच भोकात खोच. मोठा स्क्रू छोट्याच्या जागी गेला तर आत काहीतरी फोडतो, छोटा मोठ्याच्या जागी गेला तर आटे धरत नाही. जुने मेकॅनिक हे पुठ्ठ्याचं काम अजून करतात आणि त्याला तोड नाही.

आता पेट्रोलकडे ये, कारण उभ्या गाडीचा पहिला आजार तिथेच असतो. टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाक. हे काम उघड्यावर, उजेडात कर. बंद बाल्कनीत नाही, गॅस गिझरजवळ तर नाहीच, आणि काकूची देवापुढची समई विझल्याची खात्री कर. मग टॉर्च मारून टाकीच्या तळाशी बघ. तिथे गंज असेल तर कार्बोरेटर कितीही साफ केलास तरी तो पुन्हा बुजणार. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी तळाशी साचतं आणि टाकी आतून गंजते. शिवाय त्या काळच्या गाड्यांचे रबरी पाइप, सील आणि वायसर इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, कडक होतात, चिरतात. म्हणून पेट्रोलचा पाइप न बघताच बदल. ‘कारणाशिवाय भाग आणू नकोस’ हे मीच म्हटलं होतं, पण इथे कारण आपल्याला आधीच माहीत आहे. आणि गाडी चालू झाल्यावर पुन्हा महिनोन्महिने उभी ठेवणार असशील तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू दे.

पाइप कार्बोरेटरकडून काढ, बाटलीत सोड आणि कॉक उघड. धार सलग येते का? थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी साफ कर. धार नीट असेल तरच कार्बोरेटर खोल. खालची वाटी उघडलीस की तळाशी बहुतेक पिवळसर, चिकट थर दिसेल, साखरेचा पाक आटल्यासारखा. उडून गेलेल्या पेट्रोलचा तो गाळ. तोच बारीक जेटच्या छिद्रात बसतो, आणि त्यामुळे गाडी चोक दिला तर चालते, चोक काढला की मरते. काकूने सांगितलेलं लक्षण अगदी हेच होतं, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे.

जेट काढून उजेडासमोर धर. छिद्रातून प्रकाशाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. नाही दिसला तर क्लीनर मार, भिजू दे, मग हवा मार. तार घालू नकोस. ते छिद्र ठरावीक मापाने पाडलेलं असतं, त्या मापावरच मिश्रण ठरतं आणि पोलादी तारेने ते मोठं झालं की तो जेट कायमचा गेला. क्लीनर रबराला लावू नकोस. आत पातळ रबरी पडदा असेल तर तो बाजूला काढून ठेव आणि त्याला बारीक चीर आहे का ते उजेडात ताणून बघ. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरव आणि किती फेरे गेले ते वहीत लिही. परत बसवताना तेवढेच फेरे बाहेर. हे लिहून ठेवलं नाहीस तर सुरुवात कुठून करायची तेच कळणार नाही.

ठिणगी बघणं सोपं आहे, फक्त एक ध्यानात ठेव. डीटीएस-आयला दोन प्लग असतात. बऱ्याचदा सहज हाती लागतो तोच बदलला जातो आणि दुसरा वर्षानुवर्षं तसाच राहतो. दोन्ही काढ, शेजारी शेजारी ठेव, चांगल्या उजेडात बघ. टोक विटकरी-तपकिरी असेल तर आतलं जळणं ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओलसर, तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय, मग रिंगा नाहीतर वॉल्व्हचे सील. हे दोन्ही प्लग तुला इंजिनच्या आतली गोष्ट ते न खोलता सांगतात. ठिणगी तपासताना प्लगचं धातूचं अंग इंजिनला टेकवून किक मार, आणि त्या वेळी आसपास उघडं पेट्रोल, ओलं फडकं काहीही नको.

प्लग काढलेलेच आहेत तर त्या भोकांतून इंजिन ऑइलचे थोडे थेंब सोड आणि किक हाताने हळूहळू दाब. फार दिवस उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात. एकदम सेल्फ मारून त्या खरवडू नकोस. किक अजिबात दबत नसेल, तर तिथेच थांब आणि मला कळव.

बॅटरी मीटरने बघ. स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२ च्या खाली असेल तर उतरलेली. इंजिन चालू केल्यावर तेच माप १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेलं पाहिजे. गेलं नाही तर बॅटरीचा दोष नाही, चार्जिंग होत नाहीये, आणि नवी बॅटरी आणून तीही उतरेल. वायर सोडताना आधी मायनस, जोडताना मायनस शेवटी. सीटखालच्या वायरी नीट बघ. पार्किंगमधल्या उंदरांना ते इन्सुलेशन फार आवडतं.

ऑइल तर बदलायचंच. जुनं ऑइल दुधासारखं पांढरट निघालं तर आत पाणी गेलंय. नवं घेताना डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं बघ. आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरायला लागतो. किती घालायचं ते मॅन्युअलमध्ये बघ, अंदाजाने नाही. काढलेलं ऑइल गटारात ओतू नकोस, हे मी हात जोडून सांगते. तुझ्याकडचं गटाराचं पाणी शेवटी पवनेला मिळतं आणि त्या नदीने आपल्या पट्ट्याचं खूप सोसलंय. कॅनमध्ये भरून ठेव, ओळखीच्या गॅरेजला दे. जळकं ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी घेणारे लोक त्यांच्याकडे येतात.

आता थांबायचं कुठे, ते सांगते. कार्बोरेटर, प्लग, ऑइल, फिल्टर, केबल, चेन, बॅटरी, आणि हात बसला की टॅपेट, एवढं तुझं. टॅपेटचं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच, म्हणून ते सकाळी कर. पण निळा धूर येत असेल, किक हलकी लागत असेल, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘इंजिनचं काम निघालं’ असेल, तर ते घरी करू नकोस. त्यात कमीपणा काही नाही. बोअर करायला यंत्र लागतं, आणि ती कामं करणारे भोसरीत आणि चिंचवड एमआयडीसीत भरपूर आहेत. फक्त एक कर, आधी ओव्हरसाइझ पिस्टन घे आणि तो बोअरवाल्याच्या हातात दे, म्हणजे तो त्या पिस्टनच्या मापाने बोअर कापेल. पार्टसाठी पुण्यात नाना पेठेत जावं लागलं तर जुना भाग पिशवीत घेऊन जा, काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघ. वारंवार लागणाऱ्या भागांत ‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’ दोन्ही मिळतात. ब्रेक, चेन आणि क्लचच्या बाबतीत लोकल नको.

ब्रेकबद्दल मी कडक आहे. तुझ्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहे. लायनर बदलणं अवघड नाही, तू करशील. ड्रममधली धूळ मात्र तोंडाने फुंकू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस. डिस्कचं ब्रेक ऑइलही पाणी ओढतं, साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, म्हणजे तुझं केव्हाच संपलंय. ते रंगावर सांडलं तर रंग उठतो. सगळं झाल्यावर, गाडी गेटबाहेर काढण्याआधी, एखाद्या चांगल्या मेकॅनिकला बोलावून ब्रेक दाखव आणि त्याचे पैसे दे. इंजिन रस्त्यात बंद पडलं तर ढकलत घरी येशील. ब्रेकला तशी सवलत नाही.

आणि चेन साफ करताना इंजिन बंद. गाडी मेन स्टँडवर घेऊन, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावतात ना, ते तू कधीही करणार नाहीस, असा मला शब्द दे. फडकं ओढलं जातं आणि बोट स्प्रॉकेटमध्ये जातं. चाक हाताने फिरव, वेळ लागू दे. तसंच बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून मिश्रण लावत बसू नकोस. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

टायर वरून चांगले दिसले तरी बाजूला चार आकडे छापलेले असतात ते वाच. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. बाजूला बारीक चिरा पडल्या असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदल. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तोवर बहुधा पावसाला सुरुवात झालेली असते, तेव्हा टायर आणि ब्रेक त्याआधी उरकायला हवेत.

कागदांचं काम मात्र काकांना लाव. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरसीचं नूतनीकरण लागतं, ते झालंय का ते आधी बघा. विमा आणि पीयूसी हवाच, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबर प्लेटही. एमएच-१४ ची आहे, म्हणजे आपल्याच आरटीओत जायचंय.

पहिली फेरी रविवारी सकाळी लवकर, प्राधिकरणातल्या रिकाम्या रस्त्यांवर. हायवेला नको. हेल्मेट घाल, काकूला सांगून जा, टाकीत थोडंच पेट्रोल ठेव. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा सरकव आणि थोड्या वेळाने बघ. डाग पडला असेल तर कुठल्या बाजूला, पेट्रोलचा की ऑइलचा. इंजिन थंड झाल्यावर ऑइलची पातळी आणि सगळे नट एकदा तपास, कारण थरथरीने पहिल्या फेरीत काहीतरी सैल होतंच. मग दुसरी फेरी.

आणि अडलीस तर फोन कर. या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट आहे, तेव्हा सकाळीच कर. पण त्याआधी दोन्ही प्लगचे फोटो पाठव, उजेडात काढलेले, आणि मिश्रणाच्या स्क्रूचे किती फेरे होते तेही लिहून पाठव.